पाण्याला येतो म्हणू नये

आमच्याकडचं पाणी वाकून बघावं लागतं. ते काळ्या खडकाच्या पोटात बसलेलं असतं, त्याला चारी बाजूंनी भिंत असते आणि त्यात पडलेलं काहीही आज ना उद्या वर काढता येतं. आमच्या गावाला समुद्र नाही म्हणून आम्हाला पाणी कळत नाही, असं कोणी समजू नये. धामणगाव बढ्याच्या आसपास अशी एक विहीर नसेल, जिचा तळ भाऊराव तायड्याच्या पायाला ठाऊक नाही.

भाऊरावचं काम बुडी मारायचं. बादली पडली, भाऊराव. मोटरच्या पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल गाळानं चोंदला, भाऊराव. बकरीचं पिल्लू, नव्या नवरीचं पैंजण, भांडणात फेकलेली कुलपासकट ट्रंक, सगळं त्याने वर आणून दिलं. आणि कधी कधी माणूस. माणूस काढायचा असला की बोलवायला आलेला गडी अंगणातच थांबायचा आणि बोलताना नजर जमिनीवर ठेवायचा. मग भाऊराव काही विचारत नसे. खुंटीवरचा दोर काढायचा आणि घरात हाक मारायचा, "केसर, चाल."

त्या दोराचं एक टोक त्याच्या कमरेला आणि दुसरं काठावर केसरबाईच्या हातात. गावात दणकट गडी काही कमी नव्हते. पण भाऊराव म्हणायचा, "गडी काठावर गप्पा मारतेत. केसरचं ध्यान दोरावर रायते." दोघांची खूण ठरलेली होती. खालून एक हिसका आला तर, आहे मी, भिऊ नको. दोन हिसके आले तर ओढ. दोन हिसक्यांनंतर काठावरच्या माणसाने विचार करायचा नसतो, वाकून बघायचं नसतं, हाक मारायची नसते. फक्त ओढायचं.

आणखी एक रीत होती. ती भाऊरावच्या बापाने त्याला शिकवली होती. आपण कोणाच्याही दारातून निघताना येतो म्हणतो. जातो म्हणणं बरं दिसत नाही; जातो म्हणणारा परत यायचा नसतो. पण भाऊराव विहिरीतून वर आला, अंग पुसलं, कपडे घातले की पाण्याकडे बघून म्हणायचा, "जातो." बापाने सांगितलं होतं, पाण्याला येतो म्हणू नको, पाणी वाट बघत बसतं.

भाऊराव बुद्धाचा माणूस. माणूस काढायचा असला की लोक काठावर लिंबू ठेवायचे, तेव्हा हा ते उचलून परत द्यायचा, "घरी न्या, सरबत करा." भूत, झपाटणं, पाणीलागीर असलं काही तो मानत नव्हता आणि पोरीलाही मानू दिलं नाही. पण ही एक रीत त्याने सोडली नाही. कोणी टोकलंच तर म्हणायचा, "याच्यात भूत कुठी आलं? शब्द देल्ला तं पाळा लागते. जिथं पाळायचा नाही तिथं देऊ नये, बस."

एकदाच त्याच्या तोंडून चुकलं. ते इंद्रभान माळ्याच्या विहिरीवर.

इंद्रभानची वांग्याची वाडी होती आणि विहीर खोल. भाऊराव फूटव्हॉल साफ करून वर आला. केसरबाई दोर घेऊन पुढे घरी गेली. इंद्रभानने चहा दिला, मिरचीच्या भावाचं बोलणं झालं आणि उठता उठता भाऊराव म्हणाला, "बरं, येतो." म्हणाला तो इंद्रभानला. पण तोंड विहिरीकडे होतं. चार पावलं गेल्यावर त्याला कळलं. मागे वळून जातो म्हणावं असं मनात आलं, पण इंद्रभान बघत होता. हसेल म्हणून भाऊराव तसाच निघाला.

त्याच संध्याकाळी वच्छलाबाई केसरबाईच्या दारात येऊन उभी राहिली. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. शेतात निंदायला दोघी पिकाच्या एकाच ओळीला लागायच्या, डबा एकत्र उघडायच्या, नवऱ्यांना नावं एकत्र ठेवायच्या. केसरबाई चुलीपुढे भाकरी थापत होती, पाठ दाराकडे. तिची पोरगी समता तेव्हा मांडीएवढी, रडत होती. वच्छलाबाई उंबऱ्यात उभी राहून दोन शब्द बोलली, कशाचे ते आता केसरबाईला आठवत नाही. मग म्हणाली, "जाते वं केसर." भाकर तव्यावर टम्म फुगली होती. केसरबाईने वळून न बघताच म्हटलं, "ये."

सकाळी इंद्रभानचा गडी अंगणात येऊन थांबला. नजर जमिनीवर.

काठावर वच्छलाबाईच्या चपला होत्या, एकीला सुतळीचा अंगठा बांधलेला. ती सुतळी केसरबाईनेच बांधून दिली होती. भाऊरावने दोर कमरेला बांधला आणि आत गेला. केसरबाईने चपलांकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दोराकडे बघत राहिली. बराच वेळ झाला. नेहमीपेक्षा जास्त. एक हिसका नाही की काही नाही. मग दोन आले. स्वच्छ, एकामागून एक. तिने ओढलं, इंद्रभानचे गडी धावले, सगळ्यांनी मिळून ओढलं आणि भाऊराव वर आला. पायाची कातडी सोललेली, दोन्ही हातांच्या कवेत वच्छलाबाई. खाली जुन्या तारेत त्याचा पाय अडकला होता.

श्वास जागेवर आल्यावर तो म्हणाला, "बरं झालं वढलं तू. संपलाच होतो मी."

केसरबाई म्हणाली, "तुमी हिसके देल्ले ना दोन."

भाऊरावने आपल्या हातांकडे पाहिलं. "म्या कुठी देल्ले? हात मोकळे होते का माहे?"

त्यानंतर ते दोघं यावर कधी बोलले नाहीत. वच्छलाबाई का गेली याची शंभर कारणं गाव सांगत होतं, त्यातलं खरं एकही नसावं. भाऊरावने आपलं कारण पोटात ठेवलं आणि केसरबाईने आपलं. इतकी वर्षं एका ताटात जेवून एकमेकांना सांगितलं नाही.

फक्त केसरबाईला एक खोड लागली. तिच्या दारातून कोणी येतो म्हटल्याशिवाय हलायचं नाही. मीटर बघायला येणारा पोरगा गाडीला किक मारायचा आणि ही मागून ओरडायची, "येतो म्हन!"

"काकू, पुढच्या महिन्यात बिल घेऊन येनारच आहो ना!"

"तरी म्हन."

"येतो, माय, येतो!"

समता नर्सिंगला पुण्याला निघाली तेव्हा एसटी सुटली होती. केसरबाई गाडीबरोबर चालत राहिली, शेवटी समताने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून, "येते आई," म्हटलं आणि कंडक्टरची बोलणी खाल्ली. गाव हसायचं. केसरबाईला त्याचं काही नव्हतं.

आता समता पुण्यात मोठ्या दवाखान्यात आहे. जावई संघपाल, मनाने चांगला. त्या दोघांनी गेल्या हिवाळ्यात ठरवलं की आईबाबांना जहाजाने गोव्याला पाठवायचं. मुंबईहून निघायचं, गोवा बघून परत. त्याआधी दोन दिवस दादरला, समुद्राच्या अगदी जवळ हॉटेल. समता फोनवर म्हणाली, "आधी चैत्यभूमी करा, मग वाळूत बसा, भेळ खा, मग जहाज. आणि बाबा, कारणं सांगायची नाहीत."

भाऊरावचे गुडघे गेले तेव्हापासून बुडी सुटली होती. दोर खुंटीवर होता. कारण सांगायला काम नव्हतं.

शेजारच्या पुष्पाबाईने ऐकलं आणि गल्लीभर केलं. "झालं बाप्पा, केसरबाई आता फॉरेनले!"

"गोवा फॉरेन नसते वं."

"जहाज तं असते ना. मंग पासपोर्ट नाही लागत?"

"आधार कार्ड लागते."

"हात माय! आधार कार्डावर तं रेशन भेटते, जहाज कधीपासून भेटाले लागलं?"

निघताना पुष्पाबाईने वाटेसाठी ठेचा दिला. मलकापूरला गाडीत बसल्यावर केसरबाईने तो ठेवायला बॅग उघडली, तर लुगड्यांच्या खाली दोर. नीट वेटोळा केलेला.

"हे कायले आनलं?"

"असू दे."

"समुद्रातून बादली काढता का कोनाची?"

"असू दे म्हनलं ना."

तिने दोरावर ठेचा ठेवला आणि बॅग लावली. तिला हसू येत होतं. खरं तर तिलाही दोर बघून बरं वाटलं होतं.

चैत्यभूमीला त्या दिवशी गर्दी नव्हती. भाऊराव तरुणपणी एकदा सहा डिसेंबरला आला होता, पण गर्दीत समुद्र दिसलाच नव्हता. केसरबाई त्या वेळी येऊ शकली नव्हती, म्हैस व्यायली होती. ते तिच्या मनात इतकी वर्षं होतं. तिने आत बराच वेळ घेतला, मेणबत्ती लावली, पंचशील म्हटलं. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती आणि चेहरा धुतल्यासारखा झाला होता. मग दोघं मागच्या बाजूने वाळूत उतरले.

समुद्र बघितल्याबरोबर भाऊरावने आधी त्याचा काठ शोधला. ज्याच्या त्याच्या डोळ्याची सवय असते. तो डावीकडे बघून आला, उजवीकडे बघून आला, मग समोर बघत राहिला.

"याले तं एकच काठ हाय," तो म्हणाला.

"दुसरा पलीकडं असंल."

"दिसत नाही ना पन."

"तुमाले विहिरीचा तळ तरी कुठी दिसते?" असं म्हणून केसरबाई चपला हातात घेऊन पाण्याकडे गेली.

मी हे जसं त्यांच्याकडून ऐकलं तसं सांगतो. केसरबाई त्या दुपारी पोरीसारखी झाली होती. जन्मभर ती पाण्याच्या काठावर उभी राहिली, पण पाणी आपण होऊन तिच्या पायाशी यायची ही पहिली वेळ. लाट आली की ती मागे पळायची, लाट गेली की पुढे. पायाखालची वाळू सरकली की ओरडायची, "आहो, वढून राह्यलं हे!" आणि हसायची. तिने शिंपले वेचून पदरात बांधले. भेळवाल्याशी भांडून तिखट वाढवून घेतलं आणि तरी त्याला म्हणाली, "तिखट म्हनतेस याले?" भाऊराव कोरड्या वाळूत बसून बघत होता. त्याचा हात कमरेशी जात होता आणि रिकामा परत येत होता.

ऊन कललं. पाण्यावर तांबडा पट्टा पडला. केसरबाईने पदर सारखा केला, पाण्याकडे तोंड करून दोन्ही हात जोडले आणि जशी आयुष्यभर प्रत्येक दारातून निघाली तशीच म्हणाली, "येते बरं."

भाऊराव उठून उभा राहिला. गुडघे दुखतात हे तो विसरला होता.

"काय म्हनली तू?"

"कोनाले?"

"पान्याले. आत्ता."

"येते म्हनली. मंग काय म्हनू? जातो म्हनायची रीत तं विहिरीची."

तो पाण्याकडे बघत राहिला. तो सांगतो, तेवढ्यात एक लाट बाकीच्यांपेक्षा वर आली आणि केसरबाईच्या घोट्यांना वेढा घालून गेली. भरतीची वेळ होती, लाट वर येणारच. हेही तोच सांगतो.

हॉटेलात तो जेवला नाही. खिडकीतून समुद्राचा तुकडा दिसत होता, तो पडदा त्याने ओढून घेतला. मग समताला फोन लावला आणि म्हणाला, आम्ही उद्या परत निघतो.

समता नर्स. "छातीत दुखतंय का? घाम येतोय? शुगरची गोळी घेतली?"

"पोट बिघडलं."

"बाबा, भेळ खाल्ली का?"

"म्या नाही खाल्ली. आईनं खाल्ली."

"मग पोट तुमचं कसं बिघडलं?"

केसरबाईने फोन हिसकावून घेतला. "काही झालं नाही याईले. तुझे बाबा पान्याले भेले. ठेव तू."

फोन ठेवून ती हसली, पण भाऊराव हसत नाही हे पाहिल्यावर पलंगावर त्याच्या शेजारी बसली. खोलीतला पंखा फिरत होता. पडद्यामागून समुद्राचा आवाज येतच होता. पडद्याने आवाज अडत नाही.

"बोला," ती म्हणाली.

भाऊरावने सांगितलं. इंद्रभानचा चहा, आपल्या तोंडून निघालेला शब्द आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विहिरीत उतरावं लागलं ते. "पान्यानं बोलावून घेतलं मले. आन रिकामं नाही बोलावलं. माणूस घेऊन बोलावलं. मी मानत नाही, केसर. पन झालं तसं."

केसरबाईने पदराच्या गाठीतले शिंपले चाचपले. मग म्हणाली, "तुमी येतो म्हनले. ती जाते म्हनली."

"कोन?"

"वच्छला. त्याच दिवशी, दिवे लागाच्या टायमाले. दारात येऊन म्हनली, जाते वं केसर. असं कोनी म्हनते का कधी? म्या वळली पन नाही. भाकर करपन म्हनून. ये म्हनली म्या तिले. ये."

इतकी वर्षं मधे असलेली भिंत पडली. पण भिंत पडली म्हणून खोलीतली भीती कमी झाली नाही. उलट दोन खोल्यांतली भीती एका खोलीत आली. भाऊरावला येतो या शब्दाची भीती होती, केसरबाईला जाते या शब्दाची, आणि आता केसरबाईचा शब्द समुद्राजवळ पडून होता.

शेवटी भाऊरावला एक वाट सुचली. "सकाळी जाऊ आपन. येते म्हनली ना, येऊन दाखव. शब्द पुरा झाला. मंग पान्याले जाते म्हन आन पाठ फिरव. मिटलं."

केसरबाई हो म्हणाली.

सकाळी ते पुन्हा त्या वाळूत गेले. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. ओल्या वाळूतून चालत ते पाण्यापर्यंत पोचले. केसरबाई घोटाभर पाण्यात उभी राहिली. हात जोडले. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. शेजारून एक बाई कुत्रा फिरवत गेली, दोन म्हातारे जोरजोरात हसण्याचा व्यायाम करत होते.

"म्हन ना," भाऊराव म्हणाला.

"नाही निघत."

"दोन अक्षरं हायेत फक्त."

"तो शब्द तिचा हाय." केसरबाईने जोडलेले हात खाली घेतले. "एकदाच ऐकला म्या तो. माह्या तोंडातून नाही निघत, आहो. दुसरं काहीबी म्हनाले लावा."

भाऊरावने मोठ्याने म्हटलं, "आमी दोघं जातो." पण ते म्हणतानाच त्याला माहीत होतं की शब्द ज्याचा त्यानेच सोडवायचा असतो.

"मंग जहाज नको," तो म्हणाला. "इथूनच स्टेशनवर जाऊ. समताले काय सांगायचं ते मी सांगतो."

केसरबाई पाण्यातून बाहेर आली आणि वाळू झटकत चपला घातल्या. तिचा आवाज आता शांत होता. "मी सांगू का एक? जलमभर मी काठावर उभी राह्यली. तुमी आत, मी काठावर. दरवेळा. आत काय हाय ते तुमी पाह्यलं, मी नुसता दोर पाह्यला. एकदा तं मले पान्यावर जाऊ द्या. काय व्हायचं ते होऊ द्या."

ज्या बाईने आपला जीव इतक्या वेळा हातात धरला, तिला तो नाही कशाच्या जोरावर म्हणणार?

बंदरावर विमानतळासारखी तपासणी होती. बॅग यंत्रातून गेली आणि थांबली. गणवेशातल्या मुलीने ती उघडली, ठेच्याची बाटली बाजूला केली आणि दोर वर काढला. तो निघतच राहिला.

"काका, हे काय आहे?"

"दोर."

"ते दिसतंय. कशाला?"

भाऊरावच्या आधी केसरबाई पुढे झाली. "याईले दोराबिगर झोप येत नाही, बाई."

रांगेतले लोक हसले. मुलगीही हसली, पण दोर तिने दिला नाही. "जहाजावर दोर चालत नाही. त्यांच्याकडे त्यांचे असतात. हा इथे ठेवते, चिठ्ठी घ्या, परत आल्यावर न्या."

"असाच परत भेटन ना?" भाऊरावने विचारलं.

"जसाच्या तसा."

त्याने चिठ्ठी खिशात ठेवली. जहाजाच्या शिडीवर चढताना त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला होता. केसरबाई पुढे होती आणि मागे बघत नव्हती.

जहाज म्हणजे एक गावच. खोल्यांवर खोल्या, गालिचे, पाण्यावर पुन्हा पोहायचा हौद. सर्वांत वरच्या मजल्यावर गाणी लागली होती आणि निघायच्या वेळी सगळे तिथे जमले होते. सूर्य खाली गेला होता. धक्का हळूच मागे सरकला, इतका हळू की आधी वाटलं धक्काच निघाला. लोक हात हलवत होते. किनाऱ्यावर त्यांचं कोणी नव्हतं, तरी हलवत होते.

केसरबाईला कठड्याशी जाऊन बघायचं होतं. भाऊराव म्हणाला, "जा. पन थांब जरा." त्याने तिच्या पदराचं टोक घेतलं, मुठीभोवती वेढा दिला, अजून एक दिला.

"आहो, लोक पाहून राह्यले!"

"पाहू दे."

ती लाजली, पण पदर सोडवून घेतला नाही. तो जेवढा पुरला तेवढी ती पुढे गेली आणि कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. भाऊराव मागे भिंतीला पाठ लावून पाय रोवून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो काठावर होता आणि ती पुढे. काठावरच्या माणसाला काय काय वाटतं ते त्याला त्या वेळी कळलं, असं तो म्हणतो. आतल्या माणसाला निदान काम असतं.

मुंबईचे दिवे लहान होत गेले. एक तरुण जोडपं त्याच्यापुढे आलं, मुलाने मोबाइल पुढे केला, "काका, आमचा एक फोटो काढता?"

"हात मोकळा नाही बाबा," भाऊराव म्हणाला. आणि म्हटल्यावर त्याला आठवलं, असंच काहीतरी त्याने इंद्रभानच्या विहिरीवर म्हटलं होतं.

जोडपं हसून पुढे गेलं. गाणं बदललं. केसरबाई खाली पाण्याकडे बघत होती. जहाजाच्या सावलीत तिथलं पाणी शांत आणि काळं झालं होतं, आमच्याकडच्या विहिरीसारखं. ती थोडी वाकली. मग अजून थोडी.

पदराला हिसका बसला. लगेच दुसरा. स्वच्छ, एकामागून एक.

भाऊरावने विचार केला नाही, हाक मारली नाही. ओढलं. सगळ्या अंगाने ओढलं. पदराचा काठ टरकला आणि केसरबाई पाठमोरी येऊन त्याच्या छातीवर आदळली. दोघं भिंतीवर धडकले. आजूबाजूचे वळून बघू लागले.

"काय करून राह्यले!" ती ओरडली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला.

"तू वढलं ना?"

"म्या कायले वढू? माहे दोन्ही हात कठड्याले होते."

वारा होता. जोराचा होता, पदर फडफडत होता, हे भाऊराव स्वतःच सांगतो. वाऱ्याने हिसका बसतो. दोनही बसतात.

तो तिला धरून तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "खालून कोनी ये म्हनून राह्यलं होतं."

"कोनाचा आवाज?"

"माहाच."

"काय?"

"माहाच आवाज. भाकर थापता थापता म्हनली ना म्या तिले, तसाच. ये." तिने त्याच्या शर्टाची बाही मुठीत घट्ट धरली होती. "जावंसं वाटलं, समताचे बाबा. खोटं नाही सांगत."

गाण्याचा आवाज खूप मोठा होता. लोक पुन्हा नाचायला लागले होते.

"तुमाले किती हिसके लागले?" तिने विचारलं.

"दोन."

केसरबाईने मान हलवली. टरकलेला काठ हातात घेऊन पाहिला आणि तसाच सोडून दिला. "मंग बरोबर हाय," ती म्हणाली. "तवाबी, विहिरीत, तिनंच देल्ले."

भाऊरावने मुठीभोवतीचा पदर पुन्हा घट्ट केला.

केसरबाई कठड्याजवळ गेली नाही. जिथे होती तिथूनच, त्याच्या मुठीत पदर तसाच ठेवून, तिने पाण्याकडे तोंड केलं. भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाक द्यावी तितक्याच आवाजात म्हणाली, "वच्छले, जाते वं."

या वेळी शब्द निघाला.

मग दोघं उत्तराची वाट बघत उभे राहिले. किनारा दिसेनासा झाला, वरची माणसं जेवायला गेली, गाणीही थांबली. खाली पाणी जहाजाला घासत चाललं होतं. ते पुन्हा ये म्हणतंय का, हे दोघं ऐकत राहिले.